झिंगीचं वारं

चैत्र लागला की आमच्याकडे माळ्यावरून कूलर उतरतो. शैला, म्हणजे माझी बायको, स्टुलावर चढून तो पुढे ढकलते, मी खालून धरतो आणि दरवर्षी तो माझ्या उजव्या खांद्यावरच येतो. मग मागच्या वर्षीचं कुजलेलं गवत काढायचं, टाकीचा गंज घासायचा, पंपाला शिव्या द्यायच्या, नवा वाळा भरायचा. पहिलं पाणी वाळ्यावरून ओघळलं की घरभर असा वास सुटतो की पुढच्या तीन महिन्यांचं ऊन घटकाभर माफ करावंसं वाटतं. यंदाही सुटला. मी डोळे मिटून कूलरसमोर उभा राहिलो, बनियनमध्ये गार हवा भरून घेतली, आणि फोन वाजला.

"मांजरवाले सर बोलून राहिले का?"

सव्वीस वर्षं मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आहे. माझ्याकडून न्यूटनचे नियम पाठ करून गेलेली मुलं आज कुठे कुठे मोठ्या हुद्द्यांवर आहेत. गावात माझी ओळख मात्र ही. मांजरवाले सर.

"बोला," मी म्हटलं.

"सर, आमच्या कूलरच्या मांगं मांजरीनं पिल्लं देल्ले. चार होते. तीन गेले लोकाइच्या घरी. एक राह्यलं. थोडंसं लंगडते."

हे 'थोडंसं' मला आता चांगलं कळतं. 'थोडंसं लंगडते' म्हणजे मागचा पाय आहे, पण असून नसल्यासारखा. 'डोळ्याले थोडंसं पानी येते' म्हणजे डोळा गेलेला आहे. 'थोडंसं सुस्त वाटते' म्हणजे जीव आहे की नाही ते तुम्हीच येऊन बघा. एकदा परतवाड्याहून एकाने 'मांजर थोडंसं मोठं हाय' असं सांगून खोक्यातून चक्क उदमांजर पाठवलं होतं. ते वनखात्याच्या हवाली होईपर्यंत दोन दिवस आम्ही नवराबायको आमच्याच घरात पाहुण्यासारखे वागलो.

आमच्या भागात कूलर आणि मांजरीचं बाळंतपण यांचा हंगाम एकच. खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर, जुन्या गवतात, मांजरीला सावलीही मिळते आणि गारवाही. मार्चअखेर उन्हाचे चटके बसू लागले की लोक कूलर हलवतात आणि मागे हे बिऱ्हाड सापडतं. त्याच दिवसांत गच्च्यांवर बायकांची कुरड्या-पापडांची धांदल असते. पहाटे गव्हाच्या चिकाचा वाफाळता वास सगळ्या गल्लीत फिरतो, खाटांवर ओल्या धोतरांच्या घड्या उलगडतात, कणकेचे सरगुंडे काड्यांवर वळले जातात. कुठल्याही भल्या माणसाला हे दिवस आठवून तोंडाला पाणी सुटावं. मला घाम सुटतो. कारण खाटांवर कुरड्या आणि खाटेखाली पिल्लं, हे चित्र मी इतक्या गच्च्यांवर पाहिलं आहे की आता वाळत घातलेला पापड दिसला तरी मी आधी वाकून खाली बघतो.

धडधाकट पिल्लं माझ्याकडे येत नाहीत, हे आधी सांगून टाकतो. ती आपोआप खपतात. पांढरी पहिली जातात, मग सोनेरी, मग ठिपक्यांची. शेवटी जे उरतं, ज्याला रोज औषध लागतं, ज्याला दिसत नाही, ज्याचे पाय ओढत जातात, ते घेऊन लोक माझा जिना चढतात. आणि वर म्हणतात, "तुमाले पुन्य लागन सर." ह्या वाक्याइतका संताप मला कशानेच येत नाही. अहो, इतकं स्वस्त पुण्य दारात आलेलं असताना ते तुम्हीच का नाही घेत? स्वतःचं पुण्य असं परक्याला वाटत सुटणारी उदार माणसं वऱ्हाडाबाहेर मिळायची नाहीत.

सध्या आमच्याकडे पाच आहेत. त्यांतला एक बोका, दादाराव, मोटारसायकलखाली येऊन कमरेखाली लुळा झाला. त्याला स्वतःहून लघवी होत नाही. दर आठ तासांनी त्याचं पोट विशिष्ट जागी, विशिष्ट जोराने दाबून ती करवावी लागते. हे काम घरात दोघांनाच येतं, मला आणि शैलाला. त्यामुळे गेल्या सहा वर्षांत आम्ही दोघं मिळून परगावच्या एकाही लग्नाला गेलेलो नाही. ती माहेरच्या लग्नांना जाते, मी माझ्याकडच्या. नातेवाइकांत आमचं पटत नाही अशी चर्चा आहे. शैला म्हणते, "होऊ द्या चर्चा. दादारावाचं कारन सांगतलं तं जास्त चर्चा होईन."

दुसरी एक आंधळी आहे. तिचं नाव टॉर्च. हे नाव शैलाने ठेवलं.

तर तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी अवस्था असतानाच झिंगी आली. गावातल्याच राजापेठेकडच्या एका घरून फोन होता. बाई फार अदबीने बोलत होत्या, मांजरीला 'त्या' म्हणत होत्या. मला तिथेच शंका यायला हवी होती. जाऊन पाहतो तर देवघरासमोर पाटावर दीड-दोन महिन्यांचं करड्या रंगाचं पिल्लू. कपाळभर हळदकुंकू, समोर खोबऱ्याचा तुकडा, आणि शेजारपाजारच्या चार बायका हात जोडून बसलेल्या. पिल्लू खोबऱ्याकडे तोंड न्यायचं आणि त्याची मान लटलट हलायला लागायची. उठून चालायला गेलं की चारी पाय चार दिशांना. दोन पावलं, की धप्प.

"आंगात येते सर त्याइच्या," त्या बाई हळूच म्हणाल्या. "पन आता आमाले भेव वाटून राहिलं. सोवळं-ओवळं नाई होत आमच्याच्यानं. तुमी घेऊन जा."

म्हणजे देवीसुद्धा जड झाली की मांजरवाल्या सरांकडेच.

घरी आणून आधी डोळे धुतले. कुंकू आत जाऊन दोन्ही डोळे सुजले होते, डावा जास्त. आमच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. त्यांनी पिल्लाला टेबलावर चालवून पाहिलं, खायला दाखवून पाहिलं, आणि म्हणाल्या, "आई गाभण असताना आजारी पडली असणार. हिचा लहान मेंदू पूर्ण वाढलेलाच नाही. तोल तिथून सांभाळला जातो. दुखत काही नाही हिला. हे वाढणार नाही आणि बरंही होणार नाही. एखाद्या वस्तूवर नेम धरला की मान जास्त हलेल, झोपेत अजिबात हलणार नाही. जपलं तर पूर्ण आयुष्य जगेल. फक्त जिना नको हिला. आणि डोळे सांभाळा, पुन्हा कुंकू गेलं तर डावा डोळा हाती लागणार नाही."

जिना नको. आणि आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर, जिना थेट दारातून सुरू होतो.

नाव मी ठेवलं, झिंगी. खरं तर वेगळा विचार करायला वेळच मिळाला नाही, ती सगळ्या घरातून झिंगल्यासारखीच जात होती. टॉर्चच्या अंगावर पडायची, टॉर्चला दिसत नसल्यामुळे ती हवेत फटके मारायची, आणि दादाराव दोघींच्या मधून पाय ओढत निघून जायचा. शैला हे दृश्य बघून एकदा हसली आणि मग खूप वेळ हसलीच नाही. त्याच आठवड्यात झिंगी जिन्यावरून गडगडत पहिल्या मजल्याच्या पायपुसण्यापर्यंत गेली. हनुवटी फुटली. शैलाने तिला उचललं, रक्त पुसलं आणि मला म्हणाली, "हे पाहा, मले काई ती जड नाई. पन अठी ठेवली तं एक दिवस ती मरन. नवतप्याच्या आत तिले जमिनीवरचं घर पाहा."

नवतपा म्हणजे मेच्या शेवटाचे ते नऊ दिवस, जेव्हा वऱ्हाडात ऊन पडत नाही, कोसळतं. माझ्याकडे महिना-सव्वा महिना होता, आणि बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठेही.

लोकांना तिचा आजार समजावून सांगणं हे त्या पेपरांपेक्षा अवघड काम होतं. 'लहान मेंदू' म्हटलं की पलीकडून यायचं, "म्हन्जे अर्धवट हाय का?" 'तोल जातो' म्हटलं की "चक्कर येते का? लिंबू पाजा." 'जन्मजात दोष' म्हटलं की फोन बंद. पुण्याला असलेल्या माझ्या मेहुण्याने सल्ला दिला की मोबाइलवर फिरवायच्या जाहिरातीत सकारात्मक भाषा वापरा. मी लिहिलं, 'अतिशय शांत, घर न सोडणारी मांजर.' ती वाचून अचलपूरहून एका धान्याच्या व्यापाऱ्याने तिला नेलं. मी पुन्हापुन्हा सांगितलं की ही शिकार करू शकणार नाही. तो म्हणाला, "राहू द्या ना सर, मांजर हाय, शिकन." चौथ्या दिवशी तो स्वतः तिला घेऊन परत आला. चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"सर, हे तं उंदराले पाहून नाई नाई म्हनते."

"म्हणजे?"

"उंदीर समोर बसला होता. हिनं त्याच्याकडं पाह्यलं अन् मान हालवाले लागली. नाई, नाई, नाई. उंदीर बी पाहून राहिला तिच्याकडं. पोत्यावरून उतरला नाई बाप्पा तो. दुकानातले सारे हासून राहिले माह्यावर."

मला हसू आलं आणि त्याच वेळी त्याच्या अंगावर ओरडावंसंही वाटलं. मी ओरडलोच. तो गेल्यावर शैला म्हणाली की त्याने चार दिवसांत तिला दूधभात घालून चांगली गुटगुटीत केली होती, ते मला दिसलं नाही का. दिसलं नव्हतं. त्या दिवसांत मला फक्त माणसांचे दोष दिसत होते, आणि अजूनही फारसा फरक पडला आहे असं शैला म्हणणार नाही.

रागाचं एक असतं, तो उन्हासारखा सगळ्यांवर सारखाच पडतो. दूध पाजणाऱ्यावर, मांजर रस्त्यावर सोडणाऱ्यावर, 'किती गोंडस' म्हणून फोटो काढून निघून जाणाऱ्यावर. पेपर तपासताना मी त्या वर्षी जरा कडकच होतो, हे आज कबूल करतो. मुलांनी 'संतुलन' या शब्दाची व्याख्या चुकवली की माझं लाल पेन नको तेवढं चालायचं. खाली बघावं तर माझ्या पायाशी झिंगी चार पाय फाकून पाण्याच्या वाटीवर नेम धरत असायची. मान लटलट, पाणी सगळीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही तक्रार नाही. एवढं पाणी सांडूनही तिची तहान भागायची. माझा जीव तिच्यावर तेव्हाच जडला असणार. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण जीव जडलेलं मांजर दुसऱ्याला देता येत नाही.

त्याच सुमाराला मला एक शब्द सापडला आणि मी स्वतःवर खूश झालो. शब्द म्हणजे वारं. आपल्याकडे कुणाच्या हातापायातलं बळ गेलं, कुणाला पक्षाघात झाला की म्हणतात, अंगावरून वारं गेलं. म्हातारीकोतारीलाही कळतं. मेंदू नको, दोष नको. पुढचा फोन आला तेव्हा मी सरळ सांगितलं, "तिला जन्मापासून वारं आहे."

हा फोन अकोल्याचा होता. गावंडे काकू, साठी ओलांडलेल्या, जुन्या शहरात राहणाऱ्या. माझी जाहिरात त्यांना शेजारणीने वाचून दाखवली होती. माझं वाक्य ऐकून त्या क्षणभर गप्प झाल्या.

"वारं हाय?"

"हो. बरं होणार नाही ते."

"बरं," त्या म्हणाल्या. "मले चालते. जमिनीवर घर हाय आमचं. एकही पायरी नाई. शहाबादी फरशी."

आजवर इतक्या लवकर कोणी हो म्हटलं नव्हतं. माझा एक नियम आहे, घर पाहिल्याशिवाय मांजर द्यायचं नाही. पण गठ्ठे द्यायची मुदत डोक्यावर होती, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता, आणि काकू स्वतः यायला तयार होत्या. त्या पहाटेच्या एसटीने आल्या, सातला आमच्या दारात. चहा नको म्हणाल्या, पाणी प्यायल्या. झिंगीला मांडीवर घेतलं. झिंगीची मान हलू लागली तेव्हा त्यांनी दोन बोटं तिच्या हनुवटीखाली धरली, जराही दाबलं नाही, नुसती धरली. मान थांबली. आम्हाला हे महिनाभरात सुचलं नव्हतं. शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं, कारण डोळ्यात पाणी आलेलं मला आवडत नाही. काकू ऊन व्हायच्या आत टोपली मांडीवर घेऊन परतीच्या गाडीत बसल्या.

दुसरा नियम असा की दर शुक्रवारी मांजराचा फोटो मला पाठवायचा. पहिल्या शुक्रवारी फोटो आला नाही. दुसऱ्या शुक्रवारी शेजारणीच्या फोनवरून आला. झिंगी पाटावर बसलेली. कपाळभर हळद, त्यावर रुपयाएवढं कुंकू, बाजूला मोगऱ्याची फुलं, समोर तुपाचा दिवा. डोळे बारीक केलेले.

मी तो फोटो शैलासमोर धरला. ती जेवणाची ताटं घेत होती. तिने पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुमीच सांगतलं ना, वारं हाय म्हनून."

"मग?"

"मंग काय मंग. देवीचं वारं नाई येत का लोकाइच्या आंगात? वारं म्हटल्यावर त्या बाईनं काय समजावं?"

 खरंच होतं. आजारपणाचंही वारं आणि देवीचंही वारंच. आख्ख्या मराठीतून मी नेमका तो शब्द उचलला होता. म्हणूनच त्या गप्प झाल्या, म्हणूनच लगेच हो म्हणाल्या. राजापेठेतला पाट सोडवून मी तिला अकोल्यातल्या पाटावर बसवून आलो होतो, आणि डावा डोळा पणाला लावून. फोन लावला तर शेजारीण म्हणाली की काकू कामात आहेत, मांजर बरी आहे, "लय बाया येतात आता पाह्याले." एवढं ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवतपा लागला होता. मी सकाळच्या एसटीत रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलो. खिडकीची काच सहज वर सरकत नव्हती आणि सरकवलीच तर तिथे टिकत नव्हती. काळी जमीन तडकून उघडी पडलेली, बांधावर एकेक पळस, मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला आणि कोणी उतरलंही नाही, इतकं सगळ्यांना उन्हाने सुस्त केलं होतं. शेजारचा अकोल्याचा गृहस्थ मला त्यांच्या गावचा पारा सांगत होता, नातवाचे मार्क सांगावेत अशा अभिमानाने. मी मनात भाषण तयार करत होतो. अंधश्रद्धा, मेंदू, डोळा, संसर्ग, विश्वासघात. मूर्तिजापूर ते अकोला एवढ्या वेळात ते बरंच लांबलं.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात खाटेवर कुरड्या पडलेल्या आणि गावंडे काकू सोऱ्या घेऊन उरलेला चीक घालत होत्या. हात कोपरापर्यंत बरबटलेले. मला पाहून उठल्या नाहीत, सोऱ्याही थांबवला नाही, म्हणाल्या, "या सर. चीक थंडा होऊन राहिला, एवढं घालून घेऊ द्या."

मी थांबलो नाही. अंगणातच सुरू झालो. ती मांजर आहे, देवी नाही. तिच्या अंगात काही येत नाही. कुंकवाने तिचा डोळा जाईल. मी तुमच्यावर विश्वास ठेवला. मी तिला घेऊन जायला आलो आहे. त्या दिवशी अकोल्यात कोणाच्या अंगात काही आलं असेल तर ते माझ्या. टोपली धरलेला हात माझा मलाच दिसत होता, थरथरत होता.

काकूंनी शेवटची कुरडई घातली. मग म्हणाल्या, "देवी? कोन म्हनलं देवी?"

"कपाळावर कुंकू लावलेला फोटो आला मला."

"ते तं पयल्या दिवशीचं हाय. घरात लेक आली तं ओवाळून कुंकू लावल्याबिगर आत घेते का कोनी? संध्याकाळीच पुसून टाकलं. फोटो शेजारनीनं आता धाडला तुमाले, रोज म्हनून राहिली होती धाडतो धाडतो."

"आणि बाया येतात त्या?"

"बाया तिले पाह्याले नाई येत," त्या म्हणाल्या. "याइले पाह्याले येतात. या आत."

आत अंधारं, गार होतं. शहाबादी फरशीवर गोणपाटं अंथरलेली. त्यावर एक म्हातारे गृहस्थ ताट पुढे घेऊन बसलेले, वरणभात कालवलेला. हात असा हलत होता की घास तोंडाशी जाईपर्यंत निम्मा खाली. त्यांच्या गुडघ्याला टेकून झिंगी, तिच्यापुढे जाड बुडाची पितळी वाटी. तीही नेम धरत होती, तिचंही सांडत होतं. डोळे स्वच्छ होते, दोन्ही. मला पाहताच गृहस्थांनी ताट मागे सारलं आणि भिंतीला धरून उठायला लागले.

"बसा, बसा," काकू म्हणाल्या. "सर हायत ते, झिंगीवाले. आपलेच हायत."

गावंडे काका तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. धारणीच्या घाटात, पावसात, नुसत्या हातांच्या भरवशावर माणसं पोचवलेली. निवृत्त झाले आणि वर्षभरात हातांना कंप सुरू झाला. आधी चहा सांडला, मग सही गेली, मग लोकांसमोर जेवणं. काकू अंगणाकडे पाहत सांगत होत्या. "आठ वर्सं झाले मी वारं पाहून राहिली, अन् तुमी मले वारं समजावून राहिले सर. दोन वर्सांपासून हे आतल्या खोलीत दार लावून जेवत होते. पोरीच्या घरचे आले तरी नाई, सनावाराले नाई. कोनी पाहीन म्हनून. बाया इचारत, काका कुठी? मी म्हनो, झोपले. ही आली अन् चौथ्या दिवशी हे ताट घेऊन बाहेर आले. मले म्हनाले, तिले एकटीले जेवू घालतं का? आता बाया येतात अन् दारातून पाहून जातात. येऊ द्या. पाहू द्या."

मांजर नेणाऱ्या प्रत्येकाला मी सूचनांचा एक कागद देतो. झिंगीचा कागद इथे भिंतीला डिंकाने चिकटवलेला होता. माझंच अक्षर. वाटी जड बुडाची असावी. फरशी घसरडी असेल तर गोणपाट टाकावं. जेवताना घाई करू नये. सांडलं तर रागावू नये. एकटक पाहू नये, त्याने थरथर वाढते.

"शेजारनीनं वाचून देल्लं," काकू म्हणाल्या. "चांगलं लिवलं तुमी. दोघाइलेही लागू पडते सारं. याइच्या डाक्टरनं गोळ्या लिवून देल्ल्या, पन हे नव्हतं कोनी सांगतलं."

काकांच्या ताटाखाली पितळेची जड परात होती, हे मला तेव्हा दिसलं.

आता शहाण्या माणसाने माफी मागून निघावं. पण अंगातला राग एकदम उतरत नाही, तो शेवटचा काहीतरी मुद्दा शोधतो. मी म्हणालो, "तरी डोळे एकदा आमच्या डॉक्टरांना दाखवले पाहिजेत. पहिल्या दिवशी का होईना, कुंकू लावलंच ना तुम्ही. आठ दिवसांसाठी नेतो, मग आणून देतो." आणि टोपलीचं झाकण उघडलं.

 काकांचा हलणारा हात झिंगीच्या हलणाऱ्या मानेवर होता आणि तो त्यांनी काढला नाही. काकूंनी चिकाचे हात पदराला पुसले.

"न्या ना सर," त्या म्हणाल्या. "मांजर तुमची हाय, आमी काहून अडवू? पन मंग याइलेही घेऊन जा. हे पुन्हा आत गेले अन् दार लावलं, तं माह्याच्यानं नाई उघडनार ते आता."

 मी टोपली दाराशी ठेवली, चपला काढल्या आणि काकांच्या शेजारी गोणपाटावर बसलो. काकूंनी न विचारता माझ्यापुढे ताट ठेवलं. कोणी एकमेकांकडे पाहिलं नाही. त्या दुपारी काका, झिंगी आणि मी, आम्ही तिघं जेवलो आणि तिघांचंही सांडलं.